पाण्याचे प्रश्न : ‘नॅनो मेंब्रेन’ टाकलं की नक्की काय बदलतं?

प्रश्न : आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात. बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) १८०० च्या आसपास येतो. घरच्या आरओचं मेंब्रेन वर्षभर पण टिकत नाही, चोक होतं. आता एक मेकॅनिक म्हणतोय नॅनो मेंब्रेन टाका, दुप्पट पैसे लागतील पण वाया जाणारं पाणी जवळजवळ बंद होईल आणि पाच वर्षं बघायला नको. टाकू का? – एक वाचक, जि. अमरावती

दादा, थांबा जरा, लगेच पैसे देऊ नका. मेकॅनिक म्हणतोय त्यात थोडं खरं आहे आणि बरंच खोटं आहे, आणि ते वेगळं करायचं तर मेंब्रेनच्या आत काय असतं ते आधी सांगावं लागेल.

ती पांढरी गुंडाळी उलगडली तर कागदासारखी शीट निघते. खाली पॉलिएस्टरचं कापड, त्याच्यावर पॉलिसल्फोनचा सच्छिद्र थर, आणि सगळ्यात वर पॉलिअमाइडची एक कातडी. खालचे दोन थर नुसते आधाराला असतात, मीठ अडवायचं सगळं काम ती वरची कातडी करते आणि तिची जाडी असते साधारण १०० ते २०० नॅनोमीटर. माणसाचा केस ८०,००० नॅनोमीटरच्या आसपास असतो म्हणजे बघा. ही कातडी बनवायची रीत अमेरिकेत जॉन कॅडॉट यांनी १९७० च्या दशकात शोधली. एक रसायन पाण्यात, दुसरं हेक्सेनसारख्या तेलकट द्रावणात, दोन्ही जिथे भेटतात तिथे काही सेकंदात आपोआप पापुद्रा धरतो. आजही बाजारातली बहुतेक सगळी आरओ मेंब्रेन ह्याच पद्धतीने बनतात, घरातलं छोटं असो की समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटमधलं.

आता नॅनोचा भाग. २००७ मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात एरिक होक आणि त्यांच्या टीमने त्या तेलकट द्रावणात झिओलाइटचे नॅनोकण मिसळले आणि मग पापुद्रा धरू दिला. झिओलाइट म्हणजे आतून बोगदे असलेलं खनिज, त्यांनी वापरलेल्या जातीचे बोगदे ०.४ नॅनोमीटरच्या आसपास. पाण्याचा रेणू ०.२८ चा, तो जातो, पण सोडियमचा आयन पाण्यात स्वतःभोवती पाण्याचे रेणू गोळा करून ०.७ चा होऊन बसतो, तो अडतो. जास्तीत जास्त कण घातलेल्या मेंब्रेनमधून पाणी जवळपास दुप्पट आलं आणि मीठ अडवण्यात फरक पडला नाही. पाणी खरंच त्या बोगद्यांतून जातं का कणांमुळे आजूबाजूचं पॉलिअमाइडच बदलतं, ह्यावर अजून वाद चालू आहे, पण फायदा दिसला हे नक्की. त्यातून नॅनोएचटूओ नावाची कंपनी निघाली आणि २०१४ मध्ये ती एलजी केमने विकत घेतली. म्हणजे नॅनो मेंब्रेन ही थाप नाहीये, ती चीज खरी आहे.

पण तुमचा त्रास वेगळा आहे. पाणी कमी वेगाने येतं अशी तुमची तक्रारच नाही, तक्रार आहे चोक होण्याची आणि वाया जाण्याची.

वाया जाण्याचं गणित बघा. ४ लिटर बोअरचं पाणी आत गेलं, १ लिटर प्यायचं मिळालं, ३ लिटर रिजेक्ट. ४ लिटरमधलं जवळजवळ सगळं मीठ आता ३ लिटरमध्ये आहे म्हणजे रिजेक्टचा टीडीएस साधारण २४००. आता मेकॅनिक म्हणतो तसं रिजेक्ट ‘जवळजवळ बंद’ करा, समजा दहातलं फक्त १ लिटर सोडायचं ठरवलं, तर त्या १ लिटरमध्ये दहा लिटरचं मीठ येणार, टीडीएस जाणार १८,००० च्या जवळ. त्यातलं कॅल्शियम, बायकार्बोनेट, सिलिका हे विरघळलेलं राहूच शकत नाही, ते तिथल्या तिथे मेंब्रेनवर क्षार धरून बसणार आणि नवं कोरं मेंब्रेन काही आठवड्यात दगड होणार. रिजेक्ट पाणी म्हणजे मेंब्रेनची खराबी नाही, मीठ बाहेर वाहून न्यायला काहीतरी लागतंच. हा नियम मेंब्रेन नॅनो असलं म्हणून बदलत नाही.

आणि चोक होण्याचं म्हणाल तर ते दोन प्रकारचं असतं, क्षार बसणं आणि जिवाणूंची बुळबुळीत साय धरणं. नॅनो सिल्व्हर वगैरे जे घालतात ते दुसऱ्या प्रकारावर, जिवाणूंवर चालतं. खारपाणपट्ट्यातल्या बोअरला क्षाराची शक्यता जास्त, आणि क्षाराला चांदी काय करणार? म्हणून आधी पाण्याची तपासणी करून घ्या, नुसतं टीडीएस मीटर बुडवून नाही, जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत हार्डनेस, अल्कलिनिटी, लोह, नायट्रेट, फ्लोराइड आणि जमलं तर सिलिका. हार्डनेस जास्त निघाला तर मेंब्रेनच्या आधी अँटिस्केलंटची, म्हणजे क्षार बसू न देणारी कार्ट्रिज लावा, फ्लो रिस्ट्रिक्टर, म्हणजे रिजेक्टच्या नळीतलं पाणी आवळणारा तुकडा, बरोबर नंबरचा आहे का बघा (रिजेक्ट कमी दिसावं म्हणून तो घट्ट लावून ठेवतात आणि मेंब्रेनचं आयुष्य तिथेच संपतं), मशीन बंद करायच्या आधी थोडं फ्लश करा. ह्याला दुप्पट मेंब्रेनच्या मानाने किरकोळ पैसे लागतात.

तरी कोणी नॅनो मेंब्रेन विकायला आलाच तर दोनच गोष्टी विचारा, तुमच्याच पाण्यावर आधीचा आणि नंतरचा टीडीएस किती, आणि किती लिटर आत घालून किती लिटर मिळतं. घरगुती आरओसाठी आयएस १६२४० हे भारतीय मानक आहे, त्याचा आयएसआय मार्क पूर्ण मशीनवर आहे का तेही बघा.

प्रश्न : बीएस्सीला असताना कार्बन नॅनोट्यूब आणि ग्राफीनवर सेमिनार दिला होता, त्यात वाचलेलं की ह्यामुळे पाणी हजारपट वेगाने गाळलं जाईल. आता नोकरीला लागून पण बरीच वर्षं झाली, बाजारात तर काहीच दिसत नाही. कुठे अडलं? – एक वाचक, सांगली

मला ह्या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं ते ह्या प्रश्नावर.

तुमच्या सेमिनारमधला हजारपटीचा आकडा बहुतेक २००६ चा, अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेचा. त्यांनी २ नॅनोमीटरपेक्षा बारीक कार्बन नळ्यांचा थर बनवला आणि त्यातून पाणी नेहमीच्या गणिताने जेवढं यायला हवं त्याच्या हजारपटीहून जास्त आलं. आतली भिंत इतकी गुळगुळीत असते की पाणी तिला धरूनच ठेवत नाही. पण लक्षात घ्या, ती तुलना गणिताशी होती, बाजारातल्या आरओशी नाही. आणि तेवढ्या नळीतून मीठही जातं की! मीठ अडवायचं तर नळी अजून बारीक पाहिजे, १ नॅनोमीटरच्याही खाली, सगळ्या नळ्या त्याच मापाच्या, सगळ्या उभ्या, आणि मधे कुठे फट नको. ८ इंची इंडस्ट्रियल मेंब्रेनच्या एका नळकांड्यात साधारण ३७ चौरस मीटर शीट गुंडाळलेली असते. प्रयोगशाळेत नखाएवढा तुकडा निर्दोष बनवणं वेगळं आणि ३७ चौरस मीटरमध्ये एकही भोक न राहू देणं वेगळं, कारण एका फटीतून घुसलेलं खारं पाणी बाकीच्या सगळ्या चांगल्या पाण्याची चव घालवतं.

ग्राफीन ऑक्साइडची, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या पातळ पापुद्र्यांवर ऑक्सिजन बसवून केलेल्या पदार्थाची, गोष्ट अजून चांगली आहे. मँचेस्टर विद्यापीठात ग्राफीनसाठी नोबेल मिळालेले आंद्रे गाइम यांच्याबरोबर काम करणारे राहुल नायर, मूळचे केरळचे, ह्यांनी २०१२ मध्ये दाखवलं की ह्या पापुद्र्यांच्या थरातून हेलियमसारखा वायूही जात नाही पण पाण्याची वाफ बिनदिक्कत जाते. सगळीकडे बातम्या झाल्या. मग पाण्यात बुडवून बघितलं तर थर भिजलेल्या पोह्यासारखा फुगतो, पापुद्र्यांमधलं अंतर वाढतं आणि साधं मीठ आरामात पार होतं. त्यांनी हार नाही मानली, २०१७ मध्ये त्याच गटाने थर दोन्ही बाजूंनी इपॉक्सीत पक्का जखडून फुगणं थांबवलं आणि ९७ टक्के मीठ अडवून दाखवलं. तुम्ही म्हणाल मग झालं की! पण समुद्राच्या पाण्याच्या आरओला ९९ टक्क्यांच्याही पुढे जावं लागतं, आणि इपॉक्सीत जखडलेला थर गुंडाळून नळकांड्यात बसवायचा कसा हे वेगळंच.

ह्याच्याही पुढचा मुद्दा आहे जो सेमिनारमध्ये कोणी सांगत नाही. समजा उद्या खरंच तिप्पट वेगाने पाणी सोडणारं मेंब्रेन मिळालं, विजेचं बिल किती कमी होईल? एमआयटीच्या लोकांनी २०१४ मध्ये हा हिशेब मांडला. कमी खाऱ्या पाण्यासाठी उत्तर चांगलं आलं, साधारण ४६ टक्के वीज वाचते. समुद्राच्या पाण्यासाठी फक्त १५ टक्के. कारण समुद्राच्या पाण्याचा स्वतःचा ऑस्मॉटिक दाबच, म्हणजे गोडं पाणी मिठाकडे परत ओढणारा दाब, २७ बारच्या आसपास असतो आणि पाणी काढत जाल तसं उरलेलं अजून खारं होऊन तो अजून वाढतो. तेवढा दाब तर द्यावाच लागणार, भिंत कितीही पातळ करा. ३५ ग्रॅम मीठवाल्या पाण्यातून निम्मं गोडं पाणी काढायला निसर्गाच्या नियमानेच घनमीटरला साधारण १ युनिट लागतं, आजचे चांगले प्लांट सगळं मिळून ३ ते ४ युनिटवर आहेत, त्यातली बरीच वीज पाणी खेचणं आणि आधीची गाळणी ह्यात जाते.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की वेगाच्या मागे लागून ह्या क्षेत्राची बरीच वर्षं गेली. खरी गरज आहे नको ते अडवण्याची आणि चोक न होण्याची. आणि त्यातलं मला आवडलेलं काम तर कुठलाही नवा पदार्थ न घालता झालंय. २०२१ मध्ये पेनसिल्व्हेनिया आणि टेक्सासच्या विद्यापीठांनी एका मोठ्या मेंब्रेन कंपनीबरोबर नेहमीच्याच पॉलिअमाइडचे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली थ्रीडी नकाशे काढले. सगळ्यांचा समज होता कातडी जितकी पातळ तितकं पाणी जास्त. तर काही जाड मेंब्रेन जास्त पाणी देत होती! कारण निघालं घनता. ज्या कातडीत नॅनोमीटरच्या पातळीवर कुठे दाट कुठे विरळ असं नव्हतं, सगळीकडे सारखं होतं, तिथून पाणी सुरळीत जात होतं, ३० ते ४० टक्क्यांचा फरक. दाट गाठी टाळल्या की झालं. मला वाटतं नॅनोचा हा उपयोग, म्हणजे बघायचं साधन म्हणून, जाहिरातीत कधी येणार नाही पण कारखान्यात सगळ्यात आधी पोचेल.

आपल्याकडेही ह्यावर काम चाललंय बरं का. भावनगरच्या सीएसएमसीआरआय ह्या मीठ आणि समुद्री रसायनांवरच्या केंद्रीय संशोधन संस्थेत संतनू करण आहेत, लंडनमध्ये असताना त्यांनी २०१५ मध्ये १० नॅनोमीटरपेक्षाही पातळ पॉलिअमाइड फिल्म करून दाखवली होती. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही मेंब्रेनवर खूप जुनं काम आहे. पीएचडीचा विचार अजून मनात असेल तर ह्या दोन जागा नक्की बघा.

प्रश्न : आमच्याकडे कॉर्पोरेशनचं पाणी येतं. फिल्टरमध्ये नॅनो सिल्व्हर आहे असं लिहिलंय. ती चांदी पोटात जाते का हो? लहान मूल आहे घरात म्हणून विचारते. – एक वाचक, कोथरूड, पुणे

ताई, अगदी थोडी जाते, जायलाच हवी, कारण चांदी जिवाणू मारते ती आयन बनून पाण्यात उतरते तेव्हाच. नुसता कण चिकटून बसला आणि आयन सुटलेच नाहीत तर फारसा उपयोग नाही. आपल्या आयएस १०५०० मध्ये पिण्याच्या पाण्यात चांदीची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम दिली आहे, चांगल्या कार्ट्रिजमधून येणारी त्याच्या खाली असते. काळजी कशाची करायची तर नाव नसलेल्या कार्ट्रिजची, जिच्यात चांदी किती आणि कशी बांधली आहे कोणालाच माहीत नसतं. ते टाळा.

तुम्ही पुण्याच्या आहात म्हणून सांगते, ह्या विषयाचं पुण्याशी जवळचं नातं आहे. भाताच्या तुसाच्या राखेतून पाणी गाळायचं ‘सुजल’ हे फिल्टर पुण्यातल्या टाटांच्या टीआरडीडीसी संस्थेत तयार झालं, पुढे त्याच राखेवर चांदीचे नॅनोकण बसवून डिसेंबर २००९ मध्ये टाटा स्वच्छ बाजारात आलं, हजार रुपयांच्या आत, वीज नको, नळाला जोडायला नको. पण ते मेंब्रेन नाही, टीडीएस कमी करत नाही, जिवाणूंसाठी आहे. हा फरक दुकानात कोणी सांगत नाही.

आणि खडकवासल्याचं पाणी टीडीएसला मुळात कमी असतं, त्याला आरओ लावणं म्हणजे चांगल्या पाण्यातले क्षार काढायचे आणि वर तिप्पट पाणी मोरीत सोडायचं. टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओ नको असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच म्हटलंय. तुम्हाला यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन, आरओपेक्षा मोठ्या छिद्रांचं) मेंब्रेन आणि यूव्ही पुरे. यूएफची छिद्रं साधारण १० ते १०० नॅनोमीटर, जिवाणू हजाराच्या आसपास, तो जात नाही, बारीक व्हायरस एखादा निसटला तर यूव्ही आहे. घरी आधीच आरओ असेल तर त्याच्या अलीकडचा कार्बन फिल्टर वेळेवर बदला, कारण कॉर्पोरेशनच्या पाण्यातलं क्लोरीन पॉलिअमाइडची कातडी खातं आणि ते वाचवणारा तो कार्बनच आहे. क्लोरीन सोसणारी मेंब्रेन बनवायची खटपट चालू आहे, ग्राफीन ऑक्साइडचा लेप देऊन वगैरे, पण घरगुती मशीनमध्ये आज भरवसा कार्बनचाच.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे, केळापूर तालुका. मुलांच्या दातांवर डाग दिसतात, पाण्यात फ्लोराइड आहे हे माहीत आहे. नॅनो फिल्टर बसवून देतो असं एका संस्थेने सांगितलंय. घ्यावं का? – एक शिक्षक, जि. यवतमाळ

सर, तुम्ही हे मनावर घेतलंत ह्याचंच बरं वाटलं. मुलांच्या दातावरचे डाग ही सुरुवात असते, तेच पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की हाडं धरतं.

त्यांना पहिला प्रश्न विचारा, नॅनो ‘मेंब्रेन’ आहे का नॅनो ‘माध्यम’ आहे. दोन्ही एकदम वेगळ्या गोष्टी. मेंब्रेन असेल तर आरओ किंवा नॅनोफिल्ट्रेशन (आरओपेक्षा थोडं सैल मेंब्रेन), दोन्ही फ्लोराइड अडवतात, आरओ जास्त चांगलं, पण वीज लागेल आणि रिजेक्टमध्ये फ्लोराइड अजून दाट होऊन बाहेर पडेल, ते शाळेच्या हातपंपाशेजारी मुरू देऊ नका, नाहीतर फिरून तेच पाणी वर येईल. माध्यम असेल तर दाणे किंवा पावडर असते, फ्लोराइड त्याला चिकटतं आणि ठरावीक लिटरनंतर ते भरतं, मग बदलायला किंवा धुवायला लागतं. अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिना हे त्यातलं जुनं आणि पारखलेलं. नागपूरच्या नीरी ह्या पर्यावरण संशोधन संस्थेने काढलेली नळगोंडा पद्धत, तुरटी आणि चुन्याची, तीही आहे, पण रोज माप करून टाकणारा माणूस लागतो.

अशा नॅनो माध्यमाचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे आयआयटी मद्रासचे टी. प्रदीप यांचं ‘अमृत’, खोलीच्या तापमानाला पाण्यातच बनवलेलं, लोहाच्या संयुगाचे नॅनोकण कायटोसॅनच्या (कोळंबी-खेकड्याच्या कवचातून मिळणाऱ्या पदार्थाच्या) जाळीत बांधलेलं. ते आर्सेनिक आणि लोहासाठी आहे. म्हणून तुमच्याकडे आणताहेत ते नेमकं फ्लोराइडसाठी तपासलेलं आहे का, हे कागदावर मागा, आर्सेनिकचा रिपोर्ट दाखवून फ्लोराइडचं मशीन देऊ नये.

मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. बसवल्यावर दर दोन-तीन महिन्यांनी बाहेर येणारं पाणी तपासायचं कोणी, पैसे कोणाचे, हे लेखी ठरवा आणि मगच हो म्हणा. आणि गावात एखादी कमी फ्लोराइडची विहीर सापडत असेल किंवा शाळेच्या छतावरचं पावसाचं पाणी साठवता येत असेल तर पिण्यापुरतं ते आधी. मी मेंब्रेनवर लिहिते तरी हे मनापासून सांगते.

प्रश्न : आम्ही अबू धाबीत राहतो, इथे नळाला समुद्राचं गोडं केलेलं पाणी. इथल्या नव्या आरओ प्लांटमधून सगळंच निघतं का? बोरॉनबद्दल ऐकलं. – एक वाचक, अबू धाबी

बरोबर ऐकलंत. तुमच्याकडचा तविलाचा आरओ प्लांट दिवसाला ९ लाख घनमीटरच्या वर पाणी देतो, जगातल्या मोठ्यात मोठ्यांपैकी एक. मीठ निघतं. बोरॉन अवघड, कारण समुद्राच्या पाण्यात तो बहुतेक बोरिक आम्ल म्हणून असतो, त्यावर विद्युतभार नाही आणि आकारही छोटा, म्हणून पॉलिअमाइडच्या बारीक मोकळ्या जागांतून पाण्याच्या मागोमाग थोडा निसटतो. समुद्रात लिटरला साडेचार-पाच मिलिग्रॅम असतो आणि जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे २.४, ती प्लांटवाले पाळू शकतात. पाण्याचा पीएच वाढवून दुसऱ्यांदा आरओमधून काढतात, पीएच वाढला की बोरिक आम्लाला भार येतो आणि ते अडतं. बंगालमधल्या विहिरींतल्या एका प्रकारच्या आर्सेनिकचंही हेच दुखणं, तेही भाराशिवाय हिंडतं, म्हणून आधी त्याचं ऑक्सिडेशन करून मग गाळतात.

ह्या दोन ठिकाणी, म्हणजे बोरॉन आणि आर्सेनिक, नवीन मेंब्रेनकडून मला खरी आशा आहे. दुसऱ्यांदा गाळायचा टप्पा वाचला तर प्लांटची वीज आणि जागा दोन्ही वाचतात. प्यायला तुम्हाला आज त्यामुळे वेगळं काही करायची गरज नाही, घरच्या टाकीची साफसफाई मात्र वर्षातून दोनदा करून घ्या, कारण प्लांटमधून निघालेलं पाणी खराब होतं ते बहुतेक वेळा गच्चीवर.